मदत हवी आहे: 'द व्हॅम्पायर बॅट' (१९३३) मधला एमिल नक्की कशाच्या अमलाखाली असतो?

मंडळी, पुढे स्पॉयलर आहेत. नव्वदी ओलांडलेल्या सिनेमाचं रहस्य फोडलं म्हणून कुणी भांडणार नाही असं धरून चालतो.

फ्रँक स्ट्रेअरचा हा जेमतेम तासाभराचा बी-ग्रेड पट. क्लाइनश्लॉस गावात एकामागून एक माणसं मरतात. अंगात रक्त नाही, मानेवर दोन भोकं. गावाची खात्री की हे पिशाच्चाचं काम. इन्स्पेक्टर कार्ल (मेल्विन डग्लस) मात्र माणसाचाच हात आहे यावर अडून. वटवाघळांना कुरवाळणारा भोळसट हर्मन संशयाला आयता सापडतो, आणि लोक मशाली घेऊन त्याच्या मागे लागतात. ड्वाइट फ्रायनं हा हर्मन असा केलाय की तो गुहेत उडी टाकतो तेव्हा पिशाच्चाची नाही, गावकऱ्यांचीच भीती वाटते.

इथवर झकास. खुनी निघतो डॉ. फॉन नीमन (लायोनेल अ‍ॅटविल). प्रयोगशाळेत त्यानं काहीतरी जिवंत निर्माण केलंय आणि ते पोसायला त्याला रक्त हवंय. चला, पिशाच्चाचा निकाल लागला. पण डॉक्टरसाठी माणसं उचलून आणणारा नोकर एमिल? डॉक्टर आपल्या जागेवर उभा राहून नुसते हुकूम सोडतो आणि हा गडी लांब दुसऱ्याच घरात ते बिनबोभाट पाळतो! संमोहन म्हणावं, तर समोर माणूस तरी नको का? हे तर सरळ चेटूक झालं. आणि शेवटी तोच एमिल डॉक्टरला गोळी घालून स्वतःवर झाडून घेतो. मग तो अंमल उतरला कधी?

हे कुठे एखाद्या वाक्यात सांगितलंय का? माझ्याकडची प्रत अंधारी आहे, संवाद खरखरीत कापले गेलेत. (गसी मावशीचे विनोद तेवढे स्वच्छ ऐकू येतात, नशीब आपलं.) सिनेमा कॉपीराइटमुक्त असल्यानं नेटवर असल्याच प्रती जास्त. मूळ प्रिंटमध्ये मशालींच्या ज्वाळा गुस्ताव ब्रॉकनं हातानं रंगवल्या होत्या, आणि त्या रंगांसकट नवी डागडुजी केलेली आवृत्तीही निघालीय. ती कुणी पाहिली असेल तर दोनच गोष्टी सांगा: एमिलबद्दल त्यात काही जास्तीचं ऐकू येतं का, आणि इंग्रजी सबटायटल्स आहेत का?

पटकथेतच भोक असेल तर तसंही सांगा. मग शोधत बसणार नाही.