दवाखान्याच्या फाटकाशी अडणारे कुत्रे : मराठवाड्यातील अनुभव

तुमचे कुत्रे पशुवैद्यकीय दवाखान्याला घाबरत असेल, तर त्यासाठी नेमके काय केले आणि त्यातले काय उपयोगी पडले, ते लिहावे असे आवाहन मराठवाड्यातील श्वानपालकांना केले होते. ‘हळूहळू सवय झाली’ एवढ्यावर थांबू नये, अशी विनंतीही केली होती. आपल्याकडचे तालुक्याचे दवाखाने मुख्यतः गाई-म्हशी, बैल आणि शेळ्यांसाठी उभे राहिलेले आहेत. अंगणात लोखंडी खोडा, त्यात हंबरणारे जनावर, शेण, फिनेल आणि स्पिरिट यांचा एकत्रित वास, हे सारे कुत्र्याला आत शिरण्यापूर्वीच गाठते. त्यामुळे मोठ्या शहरांतल्या वातानुकूलित क्लिनिकांसाठी दिलेले सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत. आलेले अनुभव पुढे देत आहे.

परभणीहून : आमची गावठी कुत्री पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या चिकित्सालयात नेली की फाटकापाशीच चारही पाय रोवत असे. टेबलावर मात्र ती निपचित पडून राही, म्हणून घरचे तिला शहाणी म्हणत. पण तिला खाली उतरवल्यावर टेबलाच्या पत्र्यावर पंजांचे ओले ठसे स्पष्ट दिसत. कुत्र्याच्या पंजांच्या गाद्यांना घाम सुटतो, आणि उकाडा नसताना तो सुटला तर ते बहुधा भीतीचे लक्षण असते, हे आम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी समजावले. वारंवार जांभया देणे, ओठ चाटणे आणि डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दाखवत बघणे हीसुद्धा त्याच भीतीची चिन्हे असल्याचे त्यांच्याकडूनच कळले.

त्यांच्या परवानगीने आम्ही, काहीही उपचार नसताना, केवळ फाटकापर्यंत जाऊन परत येऊ लागलो. उकडलेल्या कोंबडीच्या कलेजीचे बारीक तुकडे जवळ असत आणि मोजमाप तेवढेच होते: तिने तुकडा खाल्ला तर अंतर योग्य आहे, आवडता तुकडाही नाकारला तर आपण फार जवळ आलो आहोत, चार पावले मागे जायचे. फाटक, मग व्हरांडा, मग वजनकाटा, अशी मजल हळूहळू वाढली. वजनकाट्यावर ती स्वतःहून चढली त्या दिवशी तिथूनच परत फिरायचे, असे आधीच ठरवले होते. आणखी एक पाऊल पुढे नेण्याचा मोह तेव्हाच सर्वाधिक होतो. अजूनही सुईच्या वेळी ती थरथरते, पण खाते. तपासणी आता टेबलावर न होता जमिनीवर, घरून नेलेल्या रबरी चटईवर होते, कारण गुळगुळीत पत्र्यावर पाय घसरणे हाच तिच्या भीतीचा मोठा भाग होता.

उदगीर तालुक्यातून : आमच्याकडे शेतावर कारवानी कुत्रा आहे. ही जात अंगाला हात लावून घेण्यास मुळातच नाखूश, त्यात कातडी पातळ. दवाखाना लांब असल्याने रोज तिथे नेणे शक्य नव्हते. म्हणून दवाखान्यात जे घडते तेच घरी, सुईशिवाय, घडवायचे ठरवले. संध्याकाळी धार काढून झाली की ओसरीवर बसायचे, कान उचलून बघायचे, ओठ वर करून दात बघायचे, मानेची कातडी चिमटीत धरायची, स्पिरिटचा बोळा अंगाजवळ आणायचा आणि प्रत्येक वेळी लगेच अंड्याचा तुकडा द्यायचा. क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्पर्श, नंतर खाऊ. उलट केले, म्हणजे खाऊ दाखवून मग धरले, तर कुत्रे खाऊलाच संशयाने बघू लागते; शेजारच्या वस्तीवरचे एक कुत्रे भाकरी दाखवली की पळते, ते यामुळेच. कुत्र्याने मान वळवली की हात काढून घ्यायचा, हा नियम घरातल्या मुलांनाही पाळायला लावला. गोचीड तापासाठी रक्त घ्यावे लागले, तेव्हा डॉक्टरांनी पुढचा पाय धरला आणि त्याने तो ओढून घेतला नाही.

(हा अनुभव मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण याला पैसे लागत नाहीत आणि दवाखाना किती दूर आहे याचाही प्रश्न येत नाही.)

छत्रपती संभाजीनगरहून : केवळ सवयीने भागत नाही, असेही काही कुत्र्यांच्या बाबतीत असते. आमचा लॅब्रेडॉर गाडीत बसतानाच लाळ गाळू लागे आणि दवाखान्यात लघवी करीत असे. डॉक्टरांनी गाबापेंटिन हे भीती कमी करणारे औषध दिले: एक मात्रा आदल्या रात्री आणि एक निघण्याच्या सुमारे दोन तास आधी. प्रमाण वजन आणि मूत्रपिंडांची स्थिती पाहून त्यांनीच ठरवले, आणि पहिली मात्रा एका साध्या दिवशी घरी देऊन गुंगी किती येते ते बघायला सांगितले. याच औषधाचे माणसांसाठीचे द्रव रूप घरचे घरी देऊ नये, कारण त्यात कधीकधी झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो आणि तो कुत्र्याला विषारी आहे. पूर्वी दुसरीकडे त्याला एसप्रोमॅझिन हे गुंगीचे औषध दिले होते. त्याने शरीर ढिले पडते, भीती मात्र तशीच राहते, म्हणून भीतीसाठी ते एकटे देऊ नये असे या डॉक्टरांचे मत पडले. औषध म्हणजे हार, असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. औषधाच्या आधाराने झालेली शांत भेटही कुत्रे लक्षात ठेवते.

नांदेडहून : आम्ही रांगेत बसत नाही. ऑटो थोड्या अंतरावर सावलीत उभा करतो, एकजण आत नंबर लावतो, पाळी आली की फोन करतो. एवढ्यानेच निम्मा ताण गेला. उन्हाळ्यात सकाळीच जावे आणि बंद गाडीत कुत्र्याला क्षणभरही ठेवू नये.

बीडहून : आमचे कुत्रे चावणारे आहे, त्यामुळे तोंड बांधणे अटळ. आपल्याकडे सुतळीने किंवा ओढणीने जबडा आवळण्याची पद्धत आहे. पण कुत्रे धापा टाकूनच अंग थंड करते आणि बीडच्या मे महिन्यात तोंड मिटून ठेवलेले कुत्रे उष्माघाताने दगावू शकते. म्हणून जाळीचे मुसके घेतले, ज्यातून धाप टाकता येते, पाणी पिता येते आणि खाऊही देता येतो. आत दही लावून ते नुसते पुढे धरले. त्याने स्वतःहून तोंड आत घातले, नंतर काही क्षण, मग काही मिनिटे, आणि पट्टा सर्वांत शेवटी लावला. गुरगुरल्याबद्दल त्याला आम्ही रागावत नाही. गुरगुरणे बंद झालेले कुत्रे इशारा न देता चावते.

लातूरहून : आमची कुत्री नेहमी आनंदाने दवाखान्यात जाई आणि अचानक जाईनाशी झाली. कानात जुनाट संसर्ग होता; डोक्याला हात लागला की कळ येई. कान बरा झाल्यावरही भीती काही काळ टिकली. म्हणून अचानक सुरू झालेल्या भीतीत आधी दुखणे शोधावे. कुत्रे घाबरल्यावर कुरवाळले तर भीती वाढते, असे आमच्या सासूबाईंना कोणीतरी सांगितले होते. डॉक्टरांनी ते खोडून काढले. आधार दिल्याने भीती वाढत नाही, आरडाओरड्याने वाढते.

जालना जिल्ह्यातील एका निवृत्त पशुधन पर्यवेक्षकांकडून : वरचे सर्व योग्य आहे, पण पिसाळलेल्या कुत्र्याने चावा घेतलेला प्राणी समोर आला की सरावाला वेळ नसतो. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने सुमारे पंधरा मिनिटे धुऊन लस त्याच दिवशी सुरू करावी लागते, मग चादरीत गुंडाळून धरण्याला पर्याय राहत नाही. धुणाऱ्यानेही हातमोजे घालावेत. नियमित लसीकरणात मात्र घाई आमच्याच बाजूने होत असे. ‘धरा वो बापू घट्ट’ म्हणत चौघे कुत्र्यावर झुकत आणि त्या गर्दीनेच ते बिथरे. एकाने बाजूने धरावे, मालकाने डोक्याशी बसून खाऊ द्यावा, बाकीच्यांनी खोलीबाहेर जावे. कुत्रे भित्रे आहे हे दाराशी आल्यावर सांगण्यापेक्षा आदल्या दिवशी फोनवर सांगितले, तर जनावरांची गर्दी ओसरल्यानंतरची वेळ देता येते, सुई आधीच भरून ठेवता येते आणि खोड्यात बैल असताना कुत्र्याला अंगणातून आणावे लागत नाही. आमच्या दवाखान्याला मागचे दार होते. भित्र्या कुत्र्यांना आम्ही तिथूनच घेत असू.