रिव्हर्स पार्किंगचा अंदाज घरच्या गाडीवर बसेना, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी खानापूर तालुक्यातली. लर्निंग निघून महिना उलटून गेला, आता बेळगावला पक्क्या लायसन्सची टेस्ट द्यायची आहे. मिस्टर गोव्याला कामाला असतात आणि सासूबाईंना सारखं बेळगावच्या दवाखान्यात न्यावं लागतं. दर वेळी भाड्याची गाडी परवडत नाही, म्हणून लायसन्स लवकर हातात हवंय.

रस्त्यावरची भीती गेली आहे. दीर शेजारी बसले की खानापूर-बेळगाव रस्त्यानं मी व्यवस्थित जाते, चढावर गाडी उचलायलाही जमतं. अडतंय ते खांबांच्या मधे रिव्हर्स घेऊन लावताना.

क्लासची गाडी अल्टो ८००. तिथले सर सांगतात, मागच्या डाव्या काचेत खांब दिसला की स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, पुढचा खांब दाराच्या हँडलपाशी आला की पूर्ण उजवीकडे. त्या गाडीत तसं केलं की बरोबर बसते. टेस्टला मात्र घरची वॅगनआर न्यायची आहे. तिच्यात हाच हिशेब धरला की मागचं डावं चाक रेषेवर चढतं, नाहीतर बॉनेट बाहेर राहतं. अल्टो ३४४५ मिलिमीटर लांब, वॅगनआर ३६५५. म्हणजे वीतभर जास्त, चाकांमधलं अंतरही जास्त. त्या खुणा कशा जुळणार?

घरामागच्या खळ्यात पेंटच्या डब्यांत वाळू भरून बांबू रोवलेत. त्यात पाऊस लागला की मागची काच धूसर होते, बांबू दिसतच नाहीत.

टेस्ट घेणारे साहेब नेमकं काय बघतात? खांबाला धक्का लागू नये एवढंच, की रेषेपासूनचं अंतरही? मधे थोडी पुढे घेऊन सरळ केली तर चालतं का? साहेब कानडीतून सांगतील, ते मला समजतं, त्याची काळजी नाही. खुणांचं तेवढं कुणीतरी नीट सांगा.

प्रतिसाद

ताई, मी निपाणीकडचा, टेम्पो चालवतो. सरांच्या खुणा त्यांच्या गाडीपुरत्याच. तुमच्या गाडीच्या तुम्ही काढा, सोपं आहे. दिरांना गाडी चौकोनात अगदी बरोबर लावायला सांगा. मग सीट आणि आरसे रोजच्यासारखे करून तुम्ही बसा आणि कुठल्या आरशात रेषा कुठं दिसते ते बघा. तिथून हाफ क्लचवर, मुंगीच्या चालीनं गाडी बाहेर काढा. पहिल्यांदा उजवीकडे पूर्ण वळवून, मग डावीकडे. जिथं जिथं स्टेअरिंग फिरवाल तिथं थांबा आणि खांब कुठल्या काचेत आहे ते लक्षात ठेवा. आत घेताना त्याच जागा उलट्या क्रमानं येतात. चार-पाच वेळा केलंत की डोळ्यांत बसेल.

रिव्हर्समध्ये स्टेअरिंग फिरवलं की गाडीचं तोंड बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. सगळ्यांचं लक्ष मागं असतं आणि पुढचा कोपरा खांबाला लागतो. तिकडंही नजर टाकत चला. डावा आरसा थोडा खाली झुकवला तर मागचं चाक आणि रेषा दोन्ही दिसतात, मागची काच धूसर असली तरी अडत नाही. निघण्याआधी आरसे कोरडे पुसून घ्या.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १५ व्या नियमात एवढंच आहे, की मर्यादित जागेत डावीकडे वा उजवीकडे, गाडीवर ताबा ठेवून, बऱ्यापैकी अचूक रिव्हर्स घेता आली पाहिजे. अंतराचा आकडा त्यात नाही. मधे पुढे घेतलेली चालेल का, ते गाडी हलवण्याआधी साहेबांनाच विचारा. नापास झालातच, तर ७ दिवसांनी टेस्ट पुन्हा देता येते. तीनदा नापास झालात तर मात्र ६० दिवस थांबावं लागतं आणि लर्निंग ६ महिनेच चालतं, म्हणून घाई करून तारीख घेऊ नका.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. बाहेर काढताना खुणा बघायच्या हे क्लासमध्ये कुणीच सांगितलं नव्हतं. दीर संध्याकाळी शेतातून आले की लगेच करून बघते. एकच विचारायचं राहिलं. डावा आरसा झुकवला तर पार्किंग झाल्यावर, पुढं रस्त्यावर घ्यायला सांगितलं तर तो आधी सरळ करायला थांबलं तर चालेल ना?