जपान-अमेरिका तुलना: रेषा दोन, गोष्टी वेगळ्या

एका पोस्टमध्ये जपान आणि अमेरिकेची लाकडी पॅनेलची (प्लायवूड, पार्टिकल बोर्ड वगैरेंची) आयात एकाच आलेखात मांडून ‘दोन्हीकडे मागणी सारखीच वर-खाली झाली’ असं म्हटलंय. मला ते पटत नाही.

जपानच्या रेषेत मागणीइतकंच धोरणही दडलंय. तिथले कारखाने आग्नेय आशियातून ओंडके आणून प्लायवूड स्वतःच बनवायचे. १९८५ साली इंडोनेशियाने ओंडक्यांची निर्यात बंद केली आणि तिथलं लाकूड तयार प्लायवूड होऊन यायला लागलं. आयात फुगली, पण तेवढ्यावरून लाकडाचा वापर वाढला असं म्हणता येत नाही, कारण ओंडके वेगळ्या रकान्यात मोजले जातात! पुढे जपानी कारखाने देशी ‘सुगी’ या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाकडे वळले, तेव्हा हाच प्रकार उलटा झाला.

अमेरिकेचं गणित बरंच सरळ. कॅनडाचं ओएसबी (लाकडाच्या चपट्या चकत्या चिकटवून बनवलेला बोर्ड) घरांच्या भिंती-छपरांत जातं. २००५ मध्ये वीस लाखांहून जास्त घरांची बांधकामं सुरू झाली, २००९ मध्ये जेमतेम साडेपाच लाख. मग आयात आपटणारच. २०१८ पासून चिनी हार्डवुड प्लायवूडवर जबर शुल्क लागलं आणि माल व्हिएतनाम, इंडोनेशियाकडून यायला लागला. एकूण बेरजेत हे दिसत नाही.

आणि कृपया आलेखात डॉलरऐवजी घनमीटर घ्या. एका घनमीटरमध्ये १८ मिमीच्या आठ बाय चार फुटांच्या साधारण अठरा-एकोणीस शीट बसतात, मग ते प्लायवूड असो की पार्टिकल बोर्ड. किमतीत मात्र दोन्हींत भरपूर फरक.