मदत हवी आहे: लेकरू रात्री कुत्र्यासारखं खोकतंय, रिपोर्टमध्ये पॅराइन्फ्लुएंझा

केज तालुक्यातून लिहितोय. मुलगा 17 महिन्यांचा. दोन दिवस नुसती सर्दी होती. मंगळवारी रात्री दोनला खोकतच उठला. खोकला असा, की दारातलं कुत्रंच भुंकतंय वाटावं. आवाज बसलेला, श्वास आत घेताना घर्र घर्र. आई म्हणाली डांग्या खोकला आहे, आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. शालीत गुंडाळून मोटारसायकलवर निघालो, थंडी मरणाची. दवाखान्यात पोचेपर्यंत पोरगं हसाय लागलं! डॉक्टरांनी अँटिबायोटिकचं सिरप देऊन परत पाठवलं. आई अजून मोहऱ्यांचाच गुण म्हणते.

बुधवारी रात्री पुन्हा तेच, पण जास्त. शांत पडलेला असतानाही आवाज येत होता, गळ्याखाली खड्डा पडत होता. अंबाजोगाईला नेलं. मशीनमधून औषधाची वाफ दिली, डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा एक डोस दिला, चार तास ठेवून घेतलं. स्वॅब पुण्याला गेला होता, आज रिपोर्ट आला: पॅराइन्फ्लुएंझा टाईप 1.

फ्लूची लस दिलेली असून हे कसं? स्टिरॉइडचं काही होणार तर नाही? आणि घरात भावाची तीन महिन्यांची पोरगी आहे, भावजयीला माहेरी पाठवावं का? रात्री कुठवर वाट बघायची, कधी निघायचं, एवढं तरी सांगा. अंबाजोगाई आम्हाला तासभर आहे.

लातूरकर (बालरोगतज्ज्ञ):
दादा, नाव फसवं आहे. हा फ्लूचा विषाणू नाही, गोवर-गालगुंडाच्या कुळातला आहे. फ्लूची लस याला अडवत नाही आणि याची स्वतःची लस अजून नाही. याचे चार प्रकार. टाईप 1 आणि 2 स्वरयंत्राखाली सूज आणतात, त्याला क्रूप म्हणतात. आधीच अरुंद नळी आणखी आवळते, म्हणून तो आवाज. रात्री वाढतो आणि गार हवेत बऱ्याचदा उतरतो. मोटारसायकलवर तेच झालं (आईंना सांगू नका). डांग्या खोकल्यात उबळीवर उबळ येते, शेवटी श्वास ओढताना हूप होतं, उलटी होते. हे वेगळं.

डेक्सामेथासोनच्या एका डोसला घाबरू नका, सूज त्यानंच उतरते. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, अंबाजोगाईच्या डॉक्टरांना विचारून थांबवा. पातेल्याची वाफ देऊ नका. फायदा सिद्ध नाही, भाजलेली लेकरं मात्र मी पाहिलीत.

रडतानाच घर्र होत असेल तर कडेवर घेऊन ओट्यावर बसा, रडू देऊ नका. रडलं की नळी आणखी आवळते. शांत असतानाही आवाज आला, छाती आत ओढली, ओठ निळे पडले किंवा लेकरू मलूल झालं, तर 108 लावा. लाळ गळतेय, गिळता येत नाही, ताप भरपूर, तर तेव्हाही निघा. घशात चमचा घालून बघू नका.

आशाताई, अंबड:
दादा, लसीचं कार्ड बघा. पेंटाव्हॅलंटचे (पाच रोगांची लस, घटसर्पही त्यात येतो) तीनही डोस झालेत का? घटसर्पातही असाच आवाज येतो. आणि सर्दी नसताना खाता खाता अचानक सुरू झालं तर शेंगदाणा अडकलाय का बघावं लागतं, आमच्याकडं हरभरा अडकलेला होता.

तान्हीला माहेरी पाठवून काय होणार? संसर्गानंतर दोन ते सहा दिवसांनी लक्षणं दिसतात, लागलं असेल तर तिथं दिसेल. माहेराजवळ दवाखाना आहे का? नसेल तर इथंच वेगळ्या खोलीत ठेवा, साबणानं हात धुवा, मुके नकोत. ती झोपल्यावर पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. 50 किंवा जास्त आले, दूध सोडलं, पोट उडाय लागलं, तर सकाळची वाट बघू नका.

धागाकर्ता:
भावजय इथंच आहे. तान्हीचे श्वास 42 आले, दोनदा मोजले. पोराचा खोकला आज ओला झालाय, भुंकणं कमी. कार्ड सापडलं, तीनही डोस आहेत, पण दीड वर्षाचा बूस्टर राहिलाय. एवढ्यात देता येतो का?

आशाताई, अंबड:
ताप नसेल आणि खेळाय लागला असेल तर पुढच्या लसीकरणाच्या दिवशी घेऊन जा. स्टिरॉइड दिल्याचा कागद सोबत न्या, सिस्टरला दाखवा.