मुंबईत घरगुती आरओ कशाला हवा?

चौथा मजला:
घरातला आरओ मागच्या आठवड्यात उतरवला. मेकॅनिकने मेम्ब्रेन, कार्बन आणि कसल्याशा 'मिनरल' काडतुसाचे मिळून साडेपाच हजार सांगितले, तेव्हा डोकं फिरलं. मीटर आणून नळाचं पाणी मोजलं, टीडीएस (म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार) लिटरमागे ७८ मिलिग्रॅम. आरओ मुळात क्षार काढायचं यंत्र. जिथे क्षारच नाहीत तिथे ते काढणार काय? आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार ५०० पर्यंतचं पाणी उत्तम. ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घाला, असं पर्यावरणाचे खटले बघणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादानेच २०१९ मध्ये सांगितलंय. त्याच वर्षी नोव्हेंबरात भारतीय मानक ब्युरोने शहरांचं नळाचं पाणी तपासलं. मुंबईचे दहाच्या दहा नमुने पास, दिल्लीचे अकराच्या अकरा नापास. शिवाय हे यंत्र एक लिटर देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतं, आणि पाणीकपात लागली की बोंब मारायला आपणच पुढे. माझं म्हणणं सरळ आहे: मुंबईत घरगुती आरओ हा भीतीचा धंदा आहे. पटत नसेल तर बोला.

गिरणगावची लेक:
दादा, सव्वा कोटीच्या शहरात दहा नमुने? त्यातला एकही आमच्या गल्लीतला नसणार, पैज लावते.

आमच्याकडे पाणी पहाटे साडेचारला सुटतं, दीड तास. पहिली दोन-तीन मिनिटं जे येतं त्याने तुम्ही पायसुद्धा धुणार नाही. आई ते वाहू देते, मग हंड्यावर फडकं बांधून भरते. भांडुपच्या केंद्रात पाणी शुद्ध होतं हे शंभर टक्के कबूल. पण भांडुप आणि आमचा हंडा यांच्या मध्ये एक गटार आहे, आणि अख्ख्या चाळीच्या पाइपा त्यातूनच जातात. पावसाळा आला की 'पाणी उकळून प्या' हे पालिकाच सांगते. उगाच सांगते का?

चौथा मजला:
पण मग तो दोष पाइपचा झाला ना, पाण्याचा कुठे?

गिरणगावची लेक:
आम्ही पाणी पाइपातूनच पितो हो. तलावावर जाऊन ओंजळीने नाही.

निवृत्त ओव्हरसियर:
टीडीएस मीटरचं खूळ आधी डोक्यातून काढा. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो. त्याला जंतू दिसत नाहीत. तुमच्या पेलाभर पाण्यात गटाराचा थेंब पडला तर ७८ चे ८० होतील आणि तुम्ही 'उत्तम' म्हणत पिऊन टाकाल.

खरी भानगड ठरावीक वेळेपुरतंच पाणी सोडण्यात आहे. चावीवाल्याने व्हॉल्व्ह बंद केला की लाइन हळूहळू रिकामी होते. दाब असतो तेव्हा गळकी पाइप पाणी बाहेर टाकते, दाब गेला की तीच पाइप बाहेरचं आत ओढते. त्यात कोणी थेट लाइनला मोटार लावली की बघायलाच नको. म्हणून नळाच्या शेवटच्या टोकालाही लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे असा नियम आहे. आणि एक गोष्ट लोक सोयीने विसरतात. मुख्य वाहिनीपासून पुढची जोडणी ग्राहकाची असते. ती सडली तर बदलायची तुम्हीच.

गिरणगावची लेक:
म्हणजे गटार पालिकेचं आणि त्यातली पाइप आमची! छान वाटणी आहे.

आईसाहेब:
आमच्याकडे मुलाला कावीळ झाली होती, दूषित पाण्याची. तीन आठवडे तो अंथरुणाला खिळून होता. त्यानंतर आरओ घेतला आणि तो मी काढणार नाही, मग लवाद काहीही म्हणो. आरओ क्षारासाठी असेल, पण त्याच्या पडद्यातून जंतूही पार होत नाहीत ना? मग पाणी वाया जातं तर जाऊ दे. ते बादलीत धरून मी लादी पुसते.

चौथा मजला:
ताई, तुमची काळजी समजते. पण जंतूंसाठी यूव्हीचं, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं यंत्र पुरतं, ते पाणी फेकत नाही. उकळलं तर यंत्रही नको.

नऱ्हेकर:
पुण्यातून लिहितोय. (हो, मुंबईच्या पाण्यावर पुणेकर बोलणार. सवय करून घ्या.) जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसची (गुलेन-बॅरी सिंड्रोम, पोटाच्या संसर्गानंतर नसांवर घाला घालणारा आजार) साथ आली. नांदेड, किरकटवाडी, धायरी. संशयित रुग्ण २०० च्या वर गेले. ही गावं महापालिकेत घेतली, पण शुद्धीकरण केंद्राचं पाणी सगळ्यांपर्यंत नेलं नव्हतं. विहिरीचं पाणी नुसतं क्लोरीन टाकून सोडत होते. गंमत पुढे आहे. महापालिकेने तेव्हा तिथले जारचं पाणी विकणारे खासगी आरओ प्रकल्पही तपासले आणि कित्येकांना टाळं लावलं, कारण त्यांच्याही पाण्यात जंतू! आरओतून निघालेल्या पाण्यात क्लोरीन नसतो. पुढच्या टाकीत, जारमध्ये काही शिरलं तर अडवणारं कोणी नाही. तेव्हापासून आमच्याकडे एकच नियम, पाणी खळखळून उकळायचं.

गिरणगावची लेक:
उकळा म्हणणं सोपं आहे. सहा माणसांचं पिण्याचं पाणी रोज उकळायचं तर सिलिंडर किती दिवस पुरेल? तुम्ही साडेपाच हजार वाचवले म्हणून धागा काढलात. आमच्याकडे वाचवायला आरओच नाही.

चौथा मजला:
चार दिवसांनी परत आलोय. ओव्हरसियर साहेबांचं लागलं होतं, म्हणून ओटीच्या, म्हणजे क्लोरीन तपासायच्या थेंबांची बाटली मिळवली. क्लोरीन असला की पाणी पिवळं पडतं. सोसायटीच्या मीटरपाशी, म्हणजे पालिकेचं पाणी आत येतं तिथे, छान पिवळं. माझ्या स्वयंपाकघरात पांढरं फटक. काहीच नाही.

मग गच्चीवर गेलो. टाकीचं झाकण अर्धं तुटलेलं, वर कबुतरांचा संसार. सेक्रेटरींना विचारलं टाकी कधी धुतली, तर म्हणाले, "रजिस्टर बघावं लागेल." रजिस्टर सापडलेलं नाही.

आरओ परत लावलेला नाही. मुंबईचं पाणी चांगलं आहे हे मत तसंच आहे, फक्त ते माझ्या गच्चीवर खराब होतंय. टाकी धुऊन होईपर्यंत उकळतोय.

आईसाहेब:
म्हणजे मी आरओ ठेवला ते बरंच केलं.

निवृत्त ओव्हरसियर:
ताई, तुमची टाकी कधी धुतली ते आधी विचारा.

गिरणगावची लेक:
चौथा मजला, ते थेंब आहेत का उरलेले? मला आमच्या पहिल्या दोन मिनिटांचं पाणी बघायचंय.

चौथा मजला:
आहेत, अर्धी बाटली. मीच घेऊन येतो. साडेचार म्हणजे पहाटेचेच ना?