ड्यूनची वाळू खरी वाटते, मग आपली माती का नाही?

रंकाळाकाठ:
‘छावा’ (2025) परवा परत बघितला आणि पाठोपाठ ‘ड्यून’ या परग्रहावरच्या वाळवंटात घडणाऱ्या हॉलिवूडपटाचा दुसरा भाग (2024). ड्यूनमधली माणसं वाळूवर तालात चालत नाहीत, कारण ताल धरला की खालून अजस्र किडा येतो. पाय ओढत, मधेच थांबत, तिरके टाकत जातात. आपणही खुर्चीत श्वास धरून बसतो. ग्रह खोटा, जमीन खरी. आणि ‘छावा’त संभाजीराजे पकडले जातात ते संगमेश्वर तर आपल्या शेजारचं! तरी नदी कुठं, वाट कुठली, वेढा कुठून पडला, मला शेवटपर्यंत उमगलं नाही. पार्श्वसंगीतच सगळं व्यापून राहतं. संभाजीराजे ‘बुधभूषणम्’ लिहिणारे राजे, त्यांना दोन मिनिटं शांत बसू द्या की.

मंगळवारपेठकर:
नाही पटलं भावा. माझ्या शेजारचे आजोबा शेवटी हात जोडून उभे राहिले. नववीतल्या पोरीनं घरी येऊन आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची मूळ कादंबरी मागितली. किडा बघून कुणी पुस्तक मागितलं? आणि हॉलिवूडच्या पैशाशी आपली बरोबरी कशाला?

रंकाळाकाठ:
रडलो मीही. पण ते राजांच्या हालांनी, दिग्दर्शकानं काही नवं दाखवलं म्हणून नव्हे. पैशाचं म्हणशील, तर मूकपटांच्या काळातल्या दिग्दर्शक बाबूराव पेंटरांकडं कुठं होता? कॅमेरासुद्धा त्यांनी इथंच कोल्हापुरात तयार केला. ‘सावकारी पाश’मधली (1925) अंधारातली झोपडी आजही जाणकार आठवून सांगतात.

कळंब्याची_लेक:
मी जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चाललेय. मसाईच्या पठारावर धुक्यात पुढच्याची पाठ दिसत नाही. चिखलात बूट रुतून राहतो, नुसता पाय वर येतो. 1660 ला त्याच वाटेनं रात्री, पावसात, पालखी खांद्यावर घेऊन मावळे पळाले. तो चिखल मला अजून एकाही पडद्यावर भेटला नाही. ‘कल्की 2898 एडी’त (2024) गंगा आटलेली काशी बघून चर्र झालं, कारण जागा ओळखीची. पुढं मात्र हाणामारीच फार.

मंगळवारपेठकर:
ताई, चिखलाचं मान्य. आवाजाचं नाही. पोवाडा कुणी हळू आवाजात ऐकलाय का?

रंकाळाकाठ:
शाहीरसुद्धा मधे डफ थांबवतो आणि साध्या बोलीत प्रसंग सांगतो. मग पुढची थाप अंगावर येते. ‘छावा’त ती थांबायची जागा मला सापडली नाही.