मदत हवी आहे: जपानमध्ये इंग्रजी शिकवण्यासाठी नेमका कोणता व्हिसा?

माझ्या बहिणीला जपानमधून दोन ठिकाणी विचारणा झाली आहे. एक सरकारी शाळेत सहायक इंग्रजी शिक्षिकेची, दुसरी खाजगी भाषावर्गाची. काम जवळपास सारखंच, पण व्हिसा वेगळा! शाळेसाठी 'इन्स्ट्रक्टर', तर खाजगी क्लाससाठी 'इंजिनिअर / स्पेशालिस्ट इन ह्युमॅनिटीज / इंटरनॅशनल सर्व्हिसेस'. पदवी आहे, त्यामुळे तिथे अडणार नाही.

खरी मेख पहिल्या व्हिसात आहे. भाषा शिकवायची तर त्या भाषेतून किमान 12 वर्षं शिक्षण झालेलं असावं, अशी अट आहे. ताई सातवीपर्यंत मराठी माध्यमात, मग सेमी-इंग्रजी, अकरावीपासून पुढे एम.ए.पर्यंत सगळं इंग्रजीतून. सेमीची वर्षं धरतात का? कॉलेजची वर्षं मिळवून 12 भरतात का? आणि दाखल्यावर माध्यमाचा उल्लेखच नसेल तर शाळेकडून काय लिहून आणायचं?

सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी (व्हिसासाठी लागणारं जपानचं पात्रता प्रमाणपत्र) तिकडची संस्थाच काढते, ते माहीत आहे. एजंट म्हणतो, "टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ." त्याच्या नादी लागायचं नाही हे नक्की.

सेमीवाल्या कुणाचा अर्ज मंजूर झाला असेल तर कागदपत्रं कोणती जोडली, तेवढं प्लीज सांगा.